उजागरेबाईंची जुनी बातमी

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी समोरच्या दाराची बेल वाजवली. विरजण हवं होतं. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक चष्मा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि इस्त्रीच्या साडीचा काठ एवढंच दिसलं. मी नाव सांगितलं, समोर राहायला आलोय म्हणाले आणि वाटी पुढे केली. वाटीकडे न बघता त्या म्हणाल्या, "मोबाइल आहे ना जवळ? दारावरची पाटी वाचा. ते नाव मोबाइलवर शोधा आणि पहिलं काय येतं ते मला दाखवा."

पाटीवर 'श्रीमती विमल शांतवन उजागरे, निवृत्त मुख्याध्यापिका' असं होतं. बाईंच्या आवाजात असं काही होतं, की मी वाटी काखेत धरून मुकाट्यानं नाव टाइप केलं. पहिलीच ओळ आली ती एका जुन्या बातमीची. शाळेतल्या खिचडीतून मुलांना विषबाधा, मुख्याध्यापिका निलंबित. सोबत फोटो. फोटोतला अंबाडा काळा होता, बाकी चेहरा तोच. मी मोबाइल फटीसमोर धरला.

"तेच आहे अजून," त्या म्हणाल्या. "आजच वाचलंत ते बरं झालं. महिन्याभरानं वाचलं असतं, तर येणं-जाणं हळूहळू बंद केलं असतं, आणि मी विचार करत बसले असते. थांबा, विरजण आणते." वाटी परत देताना म्हणाल्या, "वास घेऊन बघा हवं तर. मी मनाला लावून घेणार नाही."

मी तिथं वास घेतला नाही. घरी आल्यावर घेतला. सासूबाईंनी तर सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी दही लावूच दिलं नाही.

नंतर कळलं, की असं त्या सगळ्यांनाच करायला लावत. गॅस घेऊन येणारा, मीटर बघायला येणारा, वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. स्वतःच्या मोबाइलवर का बघत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझा मोबाइल मला ओळखतो. मला बरं वाटेल तेच दाखवत असेल. परक्या माणसाला काय दिसतं ते मला बघायचंय."

घडलं होतं ते असं. बाई घोडेगावच्या पुढच्या एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या. एके दिवशी दुपारची खिचडी खाल्ल्यावर मुलांना उलट्या सुरू झाल्या. मिळेल त्या गाडीनं मुलं दवाखान्यात नेली. सगळी बरी होऊन घरी गेली, पण तोवर बाईंचा फोटो छापून आला होता आणि निलंबनाचा आदेशही. पुढे चौकशीत निघालं, की शाळेला आलेल्या तेलाच्या डब्यातच भेसळ होती. बाईंना सन्मानानं परत घेतलं. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची आली आणि इंटरनेटवर कधी चढलीच नाही. "काढलं त्याला फोटो होता," बाई म्हणत. "परत घेतलं त्याला फोटो नव्हता."

यजमान आधीच वारलेले, मुलगा अभय पुण्याला. बाई एकट्या राहत, आणि संशय ही त्यांची रोजची सोबत होती. दुधाची पिशवी उलटसुलट करून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. भाजीवाल्याला कोथिंबीर सोडून दाखवायला लावायच्या. सोसायटीच्या कार्यक्रमाला येत, पण तिथलं काही खात नसत. आणि स्वतःच्या हातचं कुणाला देतही नसत. विरजण हा एकच अपवाद, तोही मागितलं तर. नाताळात त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका घरोघर करंज्या आणि लाडू वाटायच्या. बाई दुकानातून आणलेले बिस्किटांचे बंद पुडे वाटायच्या आणि देताना पुड्यावरची तारीख बोटानं दाखवायच्या. "सील बघून घ्या," म्हणायच्या. त्यांच्या तोंडी ते 'नाताळच्या शुभेच्छा'सारखंच यायचं.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली, की बाई अभयनं दिलेला टॅब घेऊन बसायच्या. शोधायच्या ॲपच्या कोपऱ्यात काचेच्या चंबूचं एक चित्र होतं. ते दाबलं की अजून चाचणीत असलेल्या सोयींची यादी उघडायची. ज्याला हव्यात त्यानं चालू कराव्यात, कंपनीला बरं-वाईट कळवावं, असा तो मामला. आमच्यासारख्यांनी त्या चित्राकडे कधी बघितलंही नव्हतं. बाई मात्र तिथं नवीन काही आलं, की लगेच चालू करत. आधी तारखेची चाळणी लावून बघितली. मग चर्चेच्या जागा वेगळ्या दाखवणारी सोय. प्रत्येक नव्या सोयीवर पहिली परीक्षा स्वतःच्या नावाची. नवी सोय नवं काहीतरी शोधून काढेल, एवढीच आशा.

विश्वास मात्र कशावरच नव्हता. "फुकट कोण कुणाला देतं? हा आपल्यावरच प्रयोग चाललाय," त्या म्हणायच्या. "चालू दे. माझ्यावर एक आधीच होऊन गेलाय."

मग शोधल्यावर वर आपणहून चार ओळींचं उत्तर लिहून देणारी सोय आली. बाईंनी चालू केली आणि मला हाक मारली. टॅबवर लिहिलं होतं, की विमल उजागरे या मुख्याध्यापिका असून विषबाधा प्रकरणी निलंबित आहेत.

"आहेत," बाई म्हणाल्या. "वाच. होत्या नाही. आहेत. इतक्या वर्षांनी, निवृत्त होऊनसुद्धा, मी अजून निलंबित आहे."

त्यांनी खालचा नापसंतीचा अंगठा दाबला आणि तक्रार लिहिली. शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट, काळ चुकला आहे एवढंच. दर आठवड्याला लिहीत राहिल्या. उत्तरातले शब्द मागेपुढे व्हायचे, 'आहेत' तसंच राहायचं.

या सगळ्यात त्या ताजी माहिती शोधण्यात मात्र फार तयार झाल्या. माझ्या मुलीच्या, मृण्मयीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही इंटरनेटवरच्या एका पानावर दिलेली कागदपत्रं जमवून निवांत बसलो होतो. बाईंनी ते पान बघितलं आणि विचारलं, "कधीचं आहे?" मला माहीत नव्हतं. त्यांनी शोधून दाखवलं. ते मागच्या वर्षीचं होतं, आणि या वर्षी एक दाखला वाढला होता. खालच्या मजल्यावरच्या दरंदल्यांचं शेत सोनईला. त्यांना म्हैस घ्यायची होती आणि रोगाच्या साथीमुळे घोडेगावचा बाजार बंद असल्याची बातमी वाचून ते थांबले होते. बाईंनी त्याच सकाळी कुणीतरी बाजारात काढलेला व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. "कधीचं आहे ते आधी बघायचं. काय आहे ते मग," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. दुसरं एक होतं. "तारीख नसलेला कागद आणि पत्ता न सांगणारा माणूस, दोघांनाही दारातच उभं करावं."

त्या वर्षी ईस्टरनंतर चर्चचे पाळकसाहेब बाईंकडे आले आणि संडे स्कूल तुम्ही घ्या म्हणाले. लहान मुलांना रविवारी बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची. बाई खुलल्या. जाड पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायला बसल्या. मग दोन रविवार गेले, तीन गेले, पाळकसाहेब त्या विषयावर काही बोलेनात.

"कुणीतरी नाव टाकून बघितलं," बाई म्हणाल्या.

"बाई, दुसरंही कारण असेल."

"चर्चमधली उपासना संपल्यावर दोघी-तिघी बोलत होत्या. मी जवळ गेले तशा आंब्याच्या भावावर आल्या."

"पण तुम्ही तर निर्दोष ठरलात. सांगून टाका ना सरळ."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "कागदावर ठरले," म्हणाल्या आणि चहाचं विचारलं. मला तो शब्द खटकला. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काहीतरी असणार." मलाही तसंच वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून बाईंच्या तोंडाकडे बघायची चोरी झाली.

त्याच सुमारास चंबूच्या यादीत नवी सोय आली. लोकांनी अलीकडे लिहिलेलं आधी दाखवायचं, जुनं मागं. बाईंनी ती चालू केली, नाव टाकलं आणि पहिल्यांदाच जुनी बातमी खाली गेली. वर आठवडाभरापूर्वीचं काहीतरी होतं. भरत नावाच्या कुणीतरी सोशल मीडियावर लिहिलेलं. 'आज पोरीला शाळेत घातलं. आमच्या उजागरेबाई पायजे होत्या. खिचडीच्या वेळी मला सलाइन लागलं तेव्हा हात धरून बसल्या होत्या. लोक नंतर काय काय बोलले. आम्ही तिथं होतो.'

मला आनंद झाला. बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा बारीक होत गेला.

"इतक्या वर्षांत कुणी चकार शब्द लिहिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी ही सोय चालू करायला आणि ह्यानं लिहायला एकच गाठ पडली?"

"बाई, त्यानं आधीच लिहिलं होतं. दिसलं आत्ता."

"की यंत्रानंच रचलं? दर आठवड्याला तक्रार करते म्हातारी, काढा तिची समजूत. रचतात ती यंत्रं. अभय म्हणाला होता." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाहीतर तू."

"मी काय?"

"तू लिहिलंस. कुणाच्या तरी नावानं. मला बरं वाटावं म्हणून. सलाइनचं मी तुला सांगितलं होतं का कधी?"

त्यांनी मला सलाइनचं कधीच सांगितलं नव्हतं. मी तसं म्हणाले. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत राहिल्या, की मला उठून यावं लागलं. त्यानंतर आमचं बोलणं थांबलं. जिन्यात भेट झाली, तर त्या पिशवीत काहीतरी शोधायला लागत. मीही रागावले होते. ज्या बाईला जग संशयानं बघतं म्हणून मला वाईट वाटायचं, तिनं मलाच त्या रांगेत उभं केलं होतं.

मग एका सकाळी बेल वाजली. बाई दारात, हातात छत्री आणि पाण्याची बाटली. "घोडेगावला जायचंय," म्हणाल्या. "तो भरत बाजारात टेम्पो चालवतो असं त्याच्या पानावर दिसतंय. आज बाजार आहे. तू चल. तू लिहिलं असशील, तर येणार नाहीस."

मी ऑफिसला रजा कळवली आणि निघाले. तारकपूरहून एसटी मिळाली. वाटेत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. एकदाच बोलल्या, "माझ्या हाताखाली भरत नावाची बरीच पोरं गेली. कुणीही म्हणेल मी तोच."

बाजारात शिंगं रंगवलेल्या म्हशी दाव्याला ओळीनं उभ्या होत्या आणि शेणामुताचा वास होता. व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं चाचपून भाव करत होते. बाईंनी ते बघितलं. "बघ, इथंही सगळं झाकूनच," म्हणाल्या. विचारत विचारत आम्ही टेम्पोंच्या रांगेशी पोचलो. एक पोट सुटलेला, दाढीवाला माणूस म्हैस चढवायला फळी लावत होता. त्यानं मान वर केली, फळी तशीच सोडली आणि येऊन बाईंच्या पायाला हात लावला.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "तू भरत कशावरून? तिसरीत कुठं बसायचास?"

"बसायला कुठं द्यायच्या तुमी? दारापाशी उभाच असायचो की. पाढे येत नव्हते."

बाईंच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. "ते लिहायला तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"ह्यांनी?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

त्यानं मला नीट बघितलं. "ह्या ताईंना आज पयल्यांदा बघतोय. बाई, पोरीचं नाव शाळेत घालायला गेल्तो. थितं खिचडी शिजत हुती. बघून आठवलं, म्हनून लिवलं. काय चुकलं का?"

त्यानं टेम्पोच्या सावलीत पोतं अंथरलं, आम्हाला बसवलं आणि चहा सांगितला. बाई बसल्या. चहा आला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. मग एकदम, कुणी काही विचारलेलं नसताना, बोलायला लागल्या. बोलताना त्यांची शाळेतली भाषा गळून पडली आणि माहेरची आली.

"भरत, त्या दिवशी मला वास आल्ता. खिचडीवाल्या मावशींनी तेलाचा नवा डबा फोडला तवा. मी म्हनलं, मावशी, वास येतोय का? त्या म्हनल्या, नव्या डब्याचा आसंल. मला सर्दीबी हुती. आदल्या दिवशी तांदूळ आला नव्हता, तुमी समदे उपाशी घरी गेल्ता. ताटं घिऊन रांगेत हुता. मी एक घास चाखला आन् म्हनलं, वाढा. चौकशीत इचारलं, चव घेतली हुती का? घेतली हुती. वासाचं कुनी इचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला. 'कागदावर' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भरत जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल.

"वास आमालाबी आल्ता, बाई," तो म्हणाला. "शेजारचा संत्या म्हनला बी, घासलेटावानी लागतंय. पर भूक लागली हुती. कुनी ताट खाली ठिवलं न्हाई."

म्हैस न्यायला उशीर होतोय म्हणून तिचा मालक येऊन ओरडून गेला. भरत जागचा हलला नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझी पोरगी पाढे म्हणते का?" तो म्हणाला, अजून अंकलिपीच चाललीय. "पाढे तू घे तिचे," बाई म्हणाल्या आणि गार झालेला चहा प्यायल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी माझी माफी मागितली नाही. माझ्या पर्समधली पाण्याची बाटली काढून घेतली आणि झाकणाकडे न बघताच प्यायल्या. मला तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे दोन मिनिटं मागून घेतली. मी त्यांच्यातली नसले, तरी मला नेलं होतं. बाईंनी आधी ती जुनी बातमी सांगितली, मग चौकशीत काय निघालं ते सांगितलं, आणि मग वासाचं सांगितलं. आवाज कुठं चढला नाही. "एवढं सगळं ऐकून कुणाला आपलं मूल माझ्याकडे पाठवायचं असेल तर पाठवा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पाळकसाहेब उठले आणि संडे स्कूल बाईच घेतील असं त्यांनी सांगून टाकलं.

घरी येताना मी विचारलं, "बाई, वासाचं कुठंच कधी आलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. मग का सांगितलंत?"

"कुठंच आलं नव्हतं म्हणूनच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी शोधत होते, की माझ्याबद्दल नवं काय आलंय. आणि भीती हीच होती, की एखाद दिवशी ते येईल. मग रोज बघावं लागायचं. आता कुणी काही लिहिलं, तर मला आधीच माहीत असेल."

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि अभय त्यांना पुण्याला घेऊन गेला, तोवर कितीतरी वर्षं त्यांनी संडे स्कूल चालवलं. पण मला आठवतो तो पहिला रविवार. मी त्यांना स्कूटरवरून सोडायला गेले होते. पाळकसाहेबांना अपेक्षा होती त्यापेक्षा कमी मुलं आली, मला भीती होती त्यापेक्षा जास्त. तीन-चार आया मुलांना सोडून परत गेल्या नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, नजर बाईंवर ठेवून. मला ते बरं वाटलं नाही. मी बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, त्यांना बाहेर थांबायला सांगू का?

बाईंनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे एकदा बघून घेतलं.

"बसू दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जागी मी असते, तर मीही बसले असते." आणि पुठ्ठ्यावरचं पहिलं चित्र त्यांनी मागच्या बाकापर्यंत दिसेल इतकं उंच धरलं.